पाहुणं गेलेलं घर आणि बंद पडलेले सॉकेट

साताऱ्याहून थेट भामरागडपर्यंत जाऊन आलो असं सांगितलं की लोक आधी विचारतात, "तिकडे काय आहे?" आणि लगेच, "घर घेऊन गेला होतात म्हणे?" पहिल्या प्रश्नाचं उत्तर मी आता जेवता जेवता हात वाळेपर्यंत देऊ शकते. दुसऱ्याचं तोंडी देता येत नाही. सांगायला घेतलं की मधेच हसू येतं, म्हणून लिहायला बसले.

घर म्हणजे आमचा डबा. माझे यजमान श्रीपतराव त्याला कॅराव्हॅन म्हणतात. जीपला मागून अडकवायचं चाकांवरचं घर: आत एक पलंग, ओटा, मोरी, फळ्यांचं कपाट. इंजिन नाही. समोरासमोर मी यजमानांना 'अहो'च म्हणते, पण लिहिताना नाव घातलेलं बरं, नाहीतर कोण कुणावर वैतागलंय ते कळायचं नाही. त्यांची सगळी नोकरी नोंदणी कार्यालयात दुसऱ्यांच्या घरांचे दस्त नोंदवण्यात गेली. निवृत्त झाल्यावर त्यांना आपल्या हातानं एक घर बांधावंसं वाटलं आणि ते त्यांनी अंगणात पत्र्याच्या शेडखाली बांधलं. सुतारकाम, नळ, वायरिंग, सगळं मोबाइलवर व्हिडिओ बघून. ज्या माणसाला बल्ब बदलताना मी स्टूल धरायचे, तो स्विचबोर्ड बसवायला लागला. मला विचारलं ते एवढंच, की पडदे कुठल्या रंगाचे आणू.

मला डबा नको होता, हे सरळ सांगते. त्याच्या शेडपायी माझी अबोली गेली, कढीपत्ता गेला, आणि या वयात हातात वायरी घेऊन बसणारा नवरा म्हणजे जिवाला घोर. पुण्यातल्या आमच्या मुलानं, अमेयनं, एक गिऱ्हाईकही बघून ठेवलं होतं. शेवटी अट मीच घातली. एक लांबची फेरी करायची. फेरीत डब्यातलं काही बंद पडलं आणि चूक यांच्या कामात निघाली, तर डबा विकायचा. नाही निघाली, तर मी या विषयावर पुन्हा अवाक्षर काढणार नाही. श्रीपतरावांनी आनंदानं टाळीसाठी हात पुढे केला. मला त्यांची जरा दयाच आली, कारण माझी खात्री होती.

जायचं ठिकाण आमच्या वरच्या खोलीतल्या भाडेकरूनं सुचवलं. प्रमोद इथल्या एका कारखान्यात कामाला आहे, मूळचा नागभीडकडचा. "काका, आधी आमच्या घरी मुक्काम करा, मग खाली भामरागडपर्यंत जा, पावसाळ्यात तिकडचा रस्ता बंद राहते, आता मोकळा हाय," असं तो रोज जिन्यात सांगायचा. प्रमोद हे त्याचं खरं नाव नाही. त्याच्या आईवडिलांचीही नावं मी बदलली आहेत आणि गावाचं नाव सांगणारच नाही. कारण पुढे कळेल.

कोरपना

वणी सोडली आणि कापसाचे ट्रॅक्टर लागले. ट्रॉलीच्या कडांवरून कापूस इतका बाहेर आलेला, की रस्त्याकडेच्या बाभळींनाही बोंडं आल्यासारखी वाटत होती. जवळ सिमेंटचे कारखाने आहेत. तिथल्या झाडांचा मूळचा रंग कुठला ते पावसाळ्यातच कळत असेल.

कोरपन्यात आम्ही रस्त्याकडेला डबा उभा करून चहाला गेलो. परत येतो तो डब्याच्या दाराशी रांग. सगळ्यांत पुढे पांढरं धोतर नेसलेले एक आजोबा.

"डोळे तपासून राह्यले का जी इथी?" त्यांनी विचारलं.

"नाही हो, हे आमचं घर आहे," श्रीपतराव म्हणाले.

आजोबांनी डब्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. "घर हाय तं रोडवर काऊन हाय?"

मीही हेच विचारत आले होते. मी श्रीपतरावांकडे पाहिलं. त्यांना कुणी डब्याबद्दल काहीही विचारलं तरी तो कौतुकाचाच प्रश्न वाटतो, त्यामुळे त्यांनी सगळ्या रांगेला आत नेऊन डबा दाखवला. आजोबांनी पलंगावर बसून पाहिलं, नळ सोडून पाहिला. एक बाई मात्र अडून बसली. रांगेत उभी राहिले आहे तर डोळे बघितलेच पाहिजेत, असं तिचं म्हणणं. मी माझा चष्मा तिला लावायला दिला. "दिसून राह्यलं बाई, झकास दिसून राह्यलं," म्हणाली. तो परत मागितला तेव्हा तिला माझा जो राग आला, तो तिनं निघेपर्यंत लपवला नाही.

आमच्याकडे लोक अनोळखी गाडीपाशी रेंगाळतात, लांबून बघतात आणि मग घरी जाऊन तिच्याबद्दल बोलतात. इथं थेट दार उघडून बसून बघतात. मला हे जास्त बरं वाटलं.

नागभीडच्या अलीकडे, एका तलावाकाठी

मूल, सिंदेवाही ओलांडलं तसा कापूस संपला आणि धानाचा, म्हणजे भातशेतीचा, मुलूख आला. कापणी झालेली. शेतात धानाचे पुंजणे, म्हणजे गंज्या, रचलेले आणि रिकाम्या खाचरांत लाखोळीचा, तिकडच्या डाळीचा, हिरवा पाला पसरलेला. दर काही अंतरावर एक तलाव, त्याची मातीची पाळ, पाळीवर झाडं. असल्याच एका पाळीखाली प्रमोदचं घर होतं. वडील नामदेवभाऊ तलावात मासे धरतात, थोडं धान करतात. आई शेवंताबाई मासे विकते, सुकवते आणि घरातल्या सगळ्यांना कामाला लावते.

अंगणात पाय ठेवायच्या आत शेवंताबाईंनी पितळी गडव्यानं आमच्या पायांवर पाणी घातलं. आमच्याकडे पाहुण्याला बाथरूम दाखवतात. इथं पाणी पायांपर्यंत येतं. मग कुंकू लावलं, हातावर गुळाचा खडा आणि पाणी दिलं. मला एकदम लग्नाच्या वऱ्हाडात आल्यासारखं वाटलं. मग त्या डब्याकडे वळल्या.

"मानसं पाहुनी येतेत. घर पाहुनं आलेलं म्या आजच पाह्यलं," त्या म्हणाल्या. "याचेबी पाय धुवा लागन."

चाकांवर पाणी पडलं. शेजारच्या बायका जमल्या. आता कुंकू लावायचं, तर प्रश्न उभा राहिला.

"भाऊ, हिचं तोंड कुठी हाय जी?"

श्रीपतरावांनी जीपचं बॉनेट दाखवलं. बायकांना ते पटलं नाही. "जीप तं बैल झाली. ओढून आनली तिनं. पाहुनी हे हाय," शेवंताबाई म्हणाल्या. जीपला अडकवायच्या पुढच्या आकड्याला कुणी तोंड म्हणालं, तर दुसरी म्हणाली, ते नाक, वेसण घालायचं. दाराला तोंड म्हणावं तर ते बाजूला. चर्चा चांगलीच रंगली आणि मग शेवंताबाईंनी मुळाला हात घातला. "खाते कुठून ते सांगा."

श्रीपतराव खूश झाले. आजवर एवढा बारीक प्रश्न त्यांना कुणी विचारला नव्हता. त्यांनी डब्याच्या मागच्या बाजूला, ओट्याच्या खिडकीखाली असलेलं झाकण दाखवलं. झाकण उचललं की आत एका वाटीत तीन पितळी पिना. बाहेरची केबल तिथं अडकवली की डब्यात वीज येते. "खात नाही ती, पण करंट इथून घेते," ते म्हणाले.

"मंग हेच तोंड. जिथून खाते ते तोंड."

ते सगळ्या बायकांना पटलं. झाकणाला कुंकू लागलं, अक्षता लागल्या, नारळ फुटला. मी तोवर मागच्या दारी हातपाय धुवायला गेले, श्रीपतरावांना नामदेवभाऊ तलाव दाखवायला घेऊन गेले. परत आले तेव्हा बायका खोबरं वाटत होत्या आणि सगळं आटपलं होतं.

रात्रीच्या जेवणाला मरळ माशाचा रस्सा, लाखोळीची डाळ आणि भाताचा डोंगर. मी भाकरीच्या मुलखातली. भात आमच्याकडे शेवटी येतो, तोंडी लावल्यासारखा. इथं सकाळी भात, दुपारी भात, आणि भात संपला की पुन्हा भात. नामदेवभाऊ मला माशाचे काटे काढून देत होते, कारण मी एकेक काटा टाचणीसारखा शोधत बसले होते. शेवंताबाई जेवेचनात, वाढतच होत्या. मलाही मग उमाळा आला. "उद्या तुम्ही सगळे माझ्याकडे जेवायचं. डब्यात. शेंगदाण्याची आमटी करते," मी म्हणाले. मिक्सर होता, विजेची शेगडी होती. गॅसचं सिलिंडर घेऊन प्रवास करायचा नाही, हा श्रीपतरावांचा नियम.

नामदेवभाऊंनी घरातून केबल ओढून दिली. "मी लावतो जी, आमच्या घरचा करंट हाय," म्हणत अंधारात डब्याकडचं टोकही त्यांनीच झाकण उचलून जोर लावून आत बसवलं. डब्यात दिवे लागले, सगळ्यांनी वा वा केलं. मी किटली लावली. ढिम्म. मिक्सर लावला, शेगडी लावली, मोबाइल लावला. एकही सॉकेट जिवंत नव्हता.

दिवे लागले आणि सॉकेट बंद, याचं कारण श्रीपतरावांनी मला वाटेतच शिकवलं होतं. डब्यातले दिवे बॅटरीवर चालतात. सॉकेट बाहेरून आलेल्या विजेवर. म्हणजे दिव्यांचा आनंद फुकटचा होता.

मी श्रीपतरावांकडे पाहिलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही.

नामदेवभाऊंनी वासुदेवभाऊंना बोलावलं. गावातले पंपाच्या मोटारी दुरुस्त करणारे हे गृहस्थ. शर्टाच्या खिशात पेनच्या जागी टेस्टर. त्यांनी एकेका सॉकेटमध्ये टेस्टर घातला. प्रत्येक ठिकाणी टेस्टरचा दिवा लागला.

"करंट तं बराबर येऊन राह्यला," ते म्हणाले.

"मंग चालून काऊन नाई राह्यलं?" नामदेवभाऊंनी विचारलं.

वासुदेवभाऊंनी टेस्टर खिशात परत अडकवला. "करंट हाय. पॉवर नाई."

श्रीपतराव हळूच म्हणाले, की वीज येते एका तारेनं आणि परत जाते दुसऱ्या तारेनं, टेस्टर फक्त येणारी दाखवतो, तर परतीची तार कुठंतरी तुटली असणार. वासुदेवभाऊ हो म्हणाले, पण त्यांच्या मते आधी अर्थिंग पाहायला हवं. "धान कापल्यापासून कोनी पानीच नाई टाकलं त्याच्यात. सुकलं असन. त्याले पानी पायजे."

घराच्या मागे अर्थिंगचा खड्डा होता. तिकडे हा रिवाजच आहे, दिवा मिणमिणायला लागला की खड्ड्यात पाणी घालायचं. बायकांनी हंडे आणले, शेवंताबाईंनी मूठभर मीठ घातलं, आणखी कुणीतरी अजून मूठभर. रोपाला घालावं तसं सगळ्यांनी प्रेमानं पाणी घातलं. घरातला बल्ब खरंच जरा उजळला. डबा तसाच. "भाऊ, बाहेरचं सारं बरोबर हाय," वासुदेवभाऊ म्हणाले. "गडबड तुमच्या घरातच हाय."

हे वाक्य ऐकायला मी साताऱ्याहून निघाले होते. पण ते ऐकून हवा तसा आनंद काही झाला नाही. श्रीपतरावांनी सगळे बोर्ड उघडले. दोन वर्षं एकेक करून बसवलेले स्क्रू एकेक करून काढले. प्रत्येक जोडणी ओढून पाहिली. ती घट्टच निघायची आणि त्यांचा चेहरा अजून पडायचा, कारण चूक सापडत नाही म्हणजे ती मोठी आहे, असं त्यांना वाटत होतं. केबल काढायची वेळ आली की घराकडचं टोक काढायचे. डब्याकडचं टोक नामदेवभाऊंनी बसवलेलं तसंच राहिलं.

त्यांच्याहून वाईट अवस्था शेवंताबाईंची. त्या उंबऱ्यात बसून राहिल्या. "पाहुन्याचं घर आमच्या दारात येऊन बंद पडलं," त्या मला म्हणाल्या. "साताऱ्याहून आलं तवरोक चालू होतं न बाई? मंग दोष आमच्याच दाराचा. लोकं काय म्हनतीन मले?" मी पुष्कळ समजावलं. त्या ऐकेनात, जेवल्याही नाहीत.

दुसरा दिवस

सकाळी डब्यात चहा होणार नव्हता. शेवंताबाईंनी पाठवलेला लाल चहा घेऊन मी ओट्याच्या खिडकीत बसले होते. समोर अंगणात त्या चटयांवर मासे वाळत घालत होत्या. तिकडे सुकवलेल्या मासळीला सुकसी म्हणतात. वासुदेवभाऊ आणि नामदेवभाऊ बाजेवर बसून रात्रीच्या पॉवरची चर्चा पुढे नेत होते. श्रीपतराव घराकडचं टोक काढून केबलीच्या कडेकडेनं चालत आले, वायर कुठं कुरतडली आहे का बघत. माझ्या खिडकीखाली येऊन ते थांबले.

मुंग्या. चाकावरून डब्याच्या अंगावर चढून एक सरळ रांग त्या झाकणाकडे चालली होती.

त्यांनी केबलीचं टोक ओढलं. ते नेहमीसारखं सुटलं नाही, चिकटल्यासारखं निघालं. झाकण वर केलं. वरून मला आतलं सगळं दिसत होतं. वाटीत लालपिवळा लगदा. कुंकू, नारळाचं पाणी, अक्षता आणि एका पिनेभोवती घट्ट बसलेला गूळ. श्रीपतरावांनी त्यात बोट घातलं, बोट नीट पाहिलं आणि चाटलं.

मला सगळं एकदम कळलं. पहिल्यांदा दारी आलेल्या पाहुण्याचं तोंड गोड करतात. माझं केलं होतं, यांचं केलं होतं. मग डब्याचं कसं राहील? झाकण उघडून शेवंताबाईंनी घास भरवला होता. नारळाच्या पाण्यानं आणि संध्याकाळच्या उन्हानं गूळ पाघळला, थंडीत पिनेवर थिजला, आणि बरोबर परतीच्या तारेची पिन झाकून बसला. श्रीपतरावांच्या वायरिंगमध्ये काहीही खोट नव्हती.

मी हाक मारायला तोंड उघडलं. तेवढ्यात अंगणातून शेवंताबाईंनी विचारलं, "सापडलं काय भाऊ?"

श्रीपतरावांनी त्यांच्याकडे पाहिलं. झाकण खाली केलं.

"सापडलं," ते म्हणाले. "माझीच चूक. झाकणाला रबर बसवायचं मी विसरलो. रात्रीचं दव आत गेलं आणि पिन खराब झाली."

"मी कालच तं सांगतलो," वासुदेवभाऊ समाधानानं म्हणाले. "गडबड घरातच हाय."

"बरोबर सांगितलंत."

शेवंताबाई चटईवरून उठल्या. "म्हंजे आमच्या दाराचा दोष नाई?"

"छे हो. दोष साताऱ्याचा."

त्यांचा चेहरा असा फुलला की बघत राहावं. त्या तशाच आत गेल्या आणि सकाळी सकाळी भात खायला बसल्या. माझी हाक घशातच राहिली. रबर त्या झाकणाला होतं. ते आणायला त्यांनी मला कराडपर्यंत नेलं होतं आणि वाटेत त्या रबराबद्दल इतकं सांगितलं होतं, की मी झोपले होते.

श्रीपतराव ती वाटी सोडवून, रुमालात गुंडाळून एकटेच तलावावर धुवायला गेले. परत आल्यावर ती वाळवायची कुठं, हा प्रश्न शेवंताबाईंनी सोडवला. "ठेवा न जी इथीच, ऊन चांगलं लागते." मग आमच्या डब्याचं तोंड सुकसीच्या चटईवर, माशांच्या रांगेत पडून राहिलं. कावळे आले की शेवंताबाई काठी आपटत, आणि आता त्यांचं माशांपेक्षा त्या वाटीकडे जास्त लक्ष होतं. दुपारपर्यंत ती कोरडी ठणठणीत झाली. ती बसवली, केबल लावली आणि मिक्सर असा गरजला की बाजेवरचे दोघं दचकून उठले. डब्याला माशांचा वास लागला तो लागलाच.

आमटी झाली. सगळे दाटीवाटीनं डब्यात जेवले, काही पायरीवर बसले. वासुदेवभाऊंनी जेवता जेवताही एका सॉकेटमध्ये टेस्टर घालून खात्री करून घेतली. शेवंताबाईंनी आमटी भुरकून निवाडा दिला, "बेस हाय बाई. पन आमच्याकडं दाने उपासाले खातेत. आज उपास हाय काय?" आणि मला दुसऱ्यांदा वाढायला लावलं.

निघताना त्यांनी सुकसीचं एक पुडकं दिलं. श्रीपतरावांना म्हणाल्या, "भाऊ, रबर लावून घ्या आता. विसरू नका."

"नाही विसरत," ते म्हणाले.

भामरागड

आष्टी गेली, आलापल्लीचं सागाचं जंगल आलं. साग इतके उंच आणि इतके सरळ, की श्रीपतराव एरवी दर झाडाखाली थांबून फळ्या मोजत बसले असते. पण ते गप्प गाडी चालवत होते. मी वाट बघत होते, की आता सांगतील. निदान मला तरी. जेवताना सांगतील, चहाला सांगतील. एका नाल्यापाशी थांबलो तेव्हा त्यांनी उतरून त्या झाकणावरून हात फिरवला आणि परत येऊन गाडी सुरू केली. मला तेव्हा त्यांचा राग आला आणि त्यांच्याबद्दल इतकं वाटलं, की मी खिडकीबाहेर बघत राहिले.

भामरागडला नद्या एकमेकींना भेटतात. पावसाळ्यात त्या इतक्या फुगतात की गावाचा बाहेरच्या जगाशी संबंध तुटतो. आम्ही गेलो तेव्हा पाणी शहाणं झालं होतं. वाळू, मोठमोठे खडक आणि डोंग्यातून पलीकडे जाणारी माणसं. दोन बायका डोक्यावर लाकडं घेऊन चालल्या होत्या. आम्हाला पाहून "जोहार" म्हणाल्या. मीही "जोहार" म्हटलं, तेवढं मला प्रमोदनं शिकवलं होतं. त्या डबा बघायला थांबल्या. एकीनं चाकाला पायानं टोचून पाहिलं, दुसरी काहीतरी बोलली, दोघी खूप हसल्या आणि गेल्या. काय बोलल्या ते कळलं नाही, पण मला खात्री आहे ते बरोबर असणार.

संध्याकाळी काठावरच्या एका उंचवट्यावर मोबाइलला जरा रेंज आली आणि अमेयचा फोन आला. श्रीपतरावांनी स्पीकर लावला.

"काय बाबा, काही बंद पडलं का?"

"पडलं," श्रीपतराव म्हणाले. "सॉकेट सगळे बंद पडले होते. चूक माझी होती. तू त्या गिऱ्हाइकाला सांग, डबा बघायला ये म्हणावं."

आवाजात कुरकुर नव्हती. हरलेला माणूस पैज देऊन टाकतो, तसं सांगितलं. खडकावर बसून ते बुटातली वाळू झाडत होते.

मी फोन हातातून घेतला. "अमेय, कुणाला काही सांगू नकोस. डबा विकायचा नाही."

"अगं आई, अट तूच घातली होतीस."

"मीच घातली, मीच मोडते. ठेव आता."

श्रीपतराव बूट हातात धरून माझ्याकडे बघत होते. "असं कसं? चूक माझ्या कामात निघाली. सगळ्यांसमोर निघाली."

"मी खिडकीत बसले होते," मी म्हणाले. "वरून सगळं दिसतं."

त्यांनी बुटातली उरलेली वाळू झाडली. पलीकडे डोंगा काठाला लागला, माणसं उतरली, तो पुन्हा निघाला. मला वाटलं, आता हसतील, सुटलो म्हणतील, डबा राहिला म्हणून माझा हात धरतील. मी हात तयारच ठेवला होता.

"शेवंताबाईंना बोलली नाहीस ना?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"प्रमोदला?"

"नाही हो. कुणालाच नाही."

तेव्हा कुठं त्यांनी बूट खाली ठेवला आणि म्हणाले, "म्हणजे डबा राहिला?"